झोपेचा गमछा

गौंटिया आमच्या शेजारी राहायला आला, तेव्हा माझा नवरा रात्रपाळी करून नुकताच आडवा झाला होता. आधी एक जीप आली, मग सामानाचा ट्रक, मग पोलिसांची गाडी. हमाल ट्रंकांवरून ओरडत होते, शिपाई हमालांवर ओरडत होते आणि एक हवालदार सगळ्यांवरच ओरडत होता. मी फाटकाशी जाऊन म्हटलं, "जरा हळू जी, घरात माणूस झोपला आहे." हवालदारानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सरकारलाच गप्प बसायला सांगितलं होतं.

नवऱ्याला मी इथं 'तो' म्हणणार आहे. तोंडावर जन्मभर 'अवो' आणि 'जी' केलं, तेवढं पुरे झालं.

आम्ही नागपूरकडचे. दीक्षा घेतली, गाव सोडलं आणि काही वर्षांत भिलाईला आलो. भट्ट्या पेटल्या होत्या, बाकीचा कारखाना अजून उभा राहत होता. सेक्टरमधली झाडं गुडघ्याएवढी होती आणि त्यांच्याभोवती विटांची कडी होती, कारण गावं उठली तरी गावांतल्या शेळ्या उठल्या नव्हत्या. लाल धूळ घरात, पिठाच्या डब्यात, पोरांच्या कानात. आमच्या ओळीत एक घर बंगाली, एक मल्याळी, एक पंजाबी, दोन तेलुगू आणि टोकाला बिहारकडचे. कोणाचं कोणाला कळत नसे. आम्ही हिंदी म्हणून जे बोलायचो, ते ऐकून हिंदीवाले हसायचे. पण गावाकडे माणूस भेटला की पहिल्यांदा जे विचारतात, ते इथं कोणी विचारत नव्हतं. इथं पहिला प्रश्न असायचा, 'कोणती पाळी?' मला त्याचंच फार सुख वाटायचं.

तो कोकच्या, म्हणजे कोळसा भाजायच्या, भट्ट्यांवर होता. भट्ट्यांच्या माथ्यावर उभं राहायचं, पायाखाली आग, अंगावर उन्हाळा असो की हिवाळा, घामाच्या धारा. जोड्यांना तळ लाकडाचे, कारण कातडं वितळायचं. माथ्यावर रूळ होते आणि त्यांवरून कोळशाची गाडी यायची. गाडी येण्याआधी भट्टीच्या तोंडावरची झाकणं काढायची, कोळसा पडला की बसवायची. त्या जागी माणसाचं डोकं जागं असावं लागतं. तो म्हणायचा, "खाली पडलो त पाय मोडन, वर पेंगलो त काहीच नाई उरन." आणि एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार, एक आठवडा रात्र अशा पाळ्या फिरत राहायच्या. झोपेला घरचा पत्ता सापडू नये अशीच ती व्यवस्था होती.

पाळीवरून आला की तो आधी आपला लाल गमछा नळावर धुवायचा. रात्रभराचा घाम त्यात मुरलेला असायचा, वाळला तर कडक होऊन पांढऱ्या मिठाच्या रेघा उमटायच्या. धुतलेला गमछा तो फाटकाच्या आडव्या दांड्यावर पसरायचा आणि झोपायचा. उठल्यावर पहिलं काम म्हणजे फाटकावरून गमछा काढायचा आणि त्यानंच तोंड पुसायचं. यात दुसरं काही नव्हतं, वाळत घालायला तीच जागा होती.

पण ओळीतल्या बायका हुशार. बंगालिणीनं आधी हेरलं, की गमछा फाटकावर असला की दादा झोपलेले असतात. मग ती स्वतःच्या नवऱ्याचा घालू लागली. मग पंजाबिणीनं घातला, मग तेलुगू घरांनी. कोणी ठरवलं नाही, कोणी बैठक घेतली नाही. वर्षभरात आमच्या आणि मागच्या ओळीत कायदाच झाला. फाटकावर गमछा, तर कडी वाजवायची नाही, पोरांनी दुसरीकडे खेळायचं, भाजीवाल्यानं तोंड मिटून पुढं जायचं. गमछा नाही, तर खुशाल हाका मारा. सहा भाषांच्या ओळीला एकच गोष्ट सारखी कळत होती, ती ही.

आणि मग गौंटिया आला.

इकडे गौंटिया म्हणजे आमच्याकडचा मालगुजार समजा. गावाची जमीन, गावाचा मान, गावाचा निवाडा, सगळं त्याच्याकडे. याचं गाव आता कारखान्याच्या एका कोपऱ्याखाली गेलं आहे. सरकारची माणसं जमीन मागायला आली, तेव्हा यानंच लोकांना झाडाखाली जमवून सांगितलं होतं, द्या, घरटी एक नोकरी मिळेल, मी सांगतो. त्याच्या शब्दावर लोकांनी दिलं. मग व्यासपीठं झाली, हार झाले, पेपरात फोटो आले. नोकऱ्या काही घरांना लागल्या, बऱ्याच घरांना लागल्या नाहीत, आणि त्याच्या पुतण्यांना मात्र सगळ्यांच्या आधी लागल्या. गाव सोडून लोक आगीतून निघून फुफाट्यात पडले. कोणीतरी त्याच्या गाडीवर दगड टाकले. एका मेळ्यात एक माणूस टंगिया घेऊन, म्हणजे कुऱ्हाड घेऊन, त्याच्यावर चालून गेला. तेव्हापासून त्याला बंदोबस्त मिळाला. अर्धी भिलाई म्हणे, याच्यामुळे कारखाना झाला. अर्धी म्हणे, यानं गाव विकलं. शेजारचं क्वार्टर त्याच्या एका पुतण्याच्या नावावर होतं आणि पुतण्या शिकायला बाहेर गेला होता. साहेबांनी विचार केला असेल की कामगारांच्या वस्तीत कोणी दगड टाकणार नाही. टाकला तर आमच्या डोक्यात पडेल, हा विचार केला नाही.

मला त्या दोन्ही अर्ध्या भिलाईशी घेणंदेणं नव्हतं. मला झोप हवी होती, आणि तीसुद्धा माझ्यासाठी नाही.

आमची दोन घरं एका विटेच्या भिंतीनं जोडलेली. पलीकडे कोणी खोकलं तर इकडे पाणी द्यावंसं वाटे. रस्त्याच्या कडेला शिपायांची राहुटी लागली. पहारा बदलला की बूट आपटायचे, बंदुकीचा दस्ता दगडावर ठेवायचा, आणि तेही दिवसातून कितीदा तरी. येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्यानं विचारायचं: कौन हो, कहाँ से आए, क्या काम है. येणारा खेड्यातला, घाबरलेला, तो त्याहून मोठ्यानं सांगायचा. कधी दहा-वीस माणसं जमून फाटकाबाहेर ओरडायची. जीप सुरू व्हायची नाही तेव्हा अर्धा तास घरघरायची. आमच्या फाटकावरचा गमछा बिचारा आपला लोंबत राहायचा. ओळीतल्या पोरांना तो कळत होता, सरकारला कळत नव्हता.

तो आतल्या खोलीत कानावर उशी घेऊन पडायचा. डोळ्याला डोळा लागायचा नाही. मी दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, खिडकीला गोणपाट लावलं. उकाड्यानं आणखी झोप उडाली. "मले झोपू दे वं," असं तो मलाच म्हणायचा, जसं काही राहुटी मी लावली होती. मी भांडं घासताना हळू घासायचे आणि मनात त्या हवालदाराच्या सात पिढ्या काढायचे.

एकदा सकाळी गौंटियाची जीप बाहेर पडली आणि वळणावर कोणीतरी दगड मारला. काच फुटली, कोणाला लागलं नाही. थोड्याच वेळात हवालदार दोन शिपाई घेऊन आमच्या दारात.

"ये लाल कपड़ा किसका है?"

मी म्हटलं, माझ्या नवऱ्याचा.

"किसको इशारा करता है?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा हसावं की रडावं ते समजेना. त्या माणसानं आल्यापासून गमछ्यावर नजर ठेवली होती. त्याचं म्हणणं होतं, हा कपडा एका आठवड्यात सकाळी लवकर दिसतो, एका आठवड्यात दुपारी, आणि एका आठवड्यात सकाळपासून दुपारपर्यंत. नेम नाही, म्हणजे नक्की खूण. गौंटिया घरात आहे की नाही हे दूरच्या माणसांना कळवायची खूण. आणि आज कपडा होता, आज दगड पडला. जन्मात पाळी न केलेल्या माणसाला फिरती पाळी म्हणजे कटच दिसणार.

त्यांनी त्याला उठवलं. नुकता कुठं डोळा लागला होता. लाल डोळ्यांनी, उघड्या अंगानं त्याला राहुटीत नेऊन बाकावर बसवलं. गमछा पुरावा म्हणून हवालदाराच्या हातात. मग आमची ओळ बाहेर आली. बंगालीण बंगालीत, पंजाबीण पंजाबीत, तेलुगू दोघी एकदम, आणि मी माझ्या फाटक्या हिंदीत, सगळ्या एकच गोष्ट सांगत होतो. शेवटी बंगालिणीनं घरात जाऊन आपल्या झोपलेल्या नवऱ्यालाच उठवून आणलं आणि हवालदारापुढं उभं केलं. म्हणाली, देखो, गमछा था, ये सोया था, अब तुम्हारे वास्ते उठाया. हवालदार वरमला. त्यानं माझ्या नवऱ्याला सोडलं, गमछाही परत दिला. पण तोवर दुपार कलली होती. घरी येऊन नवऱ्यानं चार घास चून-भाकर खाल्ली, अंधार पडेपर्यंत छताकडे बघत पडून राहिला, आणि पाळीची वेळ झाली.

मी म्हटलं, "आज नोका जाऊ."

"अजून पक्का नाई झालो मी. घरी बसलो त उद्या दुसरा उभा करतीन."

त्या रात्री तो भट्टीच्या माथ्यावर उभ्या उभ्या पेंगला. गाडीची शिटी वाजली, त्याला ऐकू आली नाही. जोडीदारानं मानेमागचं कापड धरून ओढलं म्हणून चाक लाकडी जोड्यावरून गेलं, पायावरून नाही. सकाळी तो एका पायात जोडा आणि एका पायाला गोणपाटाची चिंधी बांधून घरी आला. गमछा धुतला नाही, तसाच पायरीवर बसून राहिला. मी विचारलं तेव्हा सांगितलं. म्हणाला, "मले सपन पडलं होतं वं. उभ्यानं."  एकदा जोडीदारानं ओढलं. दर वेळी जोडीदार जवळ असेलच असं नाही.

मी तशीच शेजारी गेले. शिपायानं अडवलं, पण गौंटिया व्हरांड्यातच होता, त्यानं हात करून येऊ द्या म्हटलं. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, परीटघडीचं धोतर. कोणाच्या काकासारखा दिसत होता. मी पायरीखाली उभी राहिले, त्यानं बसा म्हटलं नाही.

"कहाँ के हो?"

"नागपूरकडचे."

"कौन समाज?"

भिलाईत मला हा प्रश्न कितीतरी दिवसांनी ऐकू आला. मी म्हटलं, बौद्ध. त्यानं मान हलवली. मी काय झालं ते सांगितलं. जोडा, चाक, सगळं. म्हटलं, नोकरीत माणूस जाईल, जरा शिपायांना सांगा, लोकांना सांगा. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "बाई, जबसे गाँव खुदा है, मैं भी नहीं सोया." मला राग आला. मी झोप मागायला आले होते आणि हा माझ्यापुढं स्वतःचं दुःख मांडून बसला.

मग त्यानं गमछ्याचं विचारलं. काय असतं ते, कसं असतं, सगळे मानतात का. मी सांगितलं. आमच्याच ओळीत का? मी म्हटलं, आता तिकडे झोपड्यांतही सुरू झालं आहे, तुमच्या गावचे लोक माती-सिमेंट वाहायला रात्रपाळीला जातात, तेही घालतात. "सचमुच लौट जाते हैं लोग?" असं त्यानं दोनदा विचारलं. मी म्हटलं, हो, लौटतात. म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या फाटकावर लाल गमछा होता.

नवा कोरा. दुकानातली घडी तशीच दिसत होती.

आणि लोक लौटले. खरोखर लौटले. तक्रार घेऊन आलेली माणसं फाटकापाशी थबकायची, गमछा बघायची, एकमेकांकडे बघायची आणि आवाज न करता वळायची. दोन-दोन कोस चालून आलेली माणसं. शिपायांच्या बंदुकीनं जे झालं नव्हतं ते दीड-दोन हात कापडानं केलं. गर्दी नाही म्हणून शिपाईही सुस्तावले. बूट आपटणं कमी झालं. हवालदार दुपारी राहुटीत घोरू लागला.

माझा नवरा झोपला. काय सांगू किती झोपला. मी त्याच्याकडे बघत बसायचे. डोळ्याखालचं काळं उतरलं, पोरांवर खेकसणं बंद झालं. पाळीला जाताना गुणगुणू लागला. साहेबानं त्याला सांगितलं होतं, असाच राहिलास तर माथ्यावरच्या टोळीचा मुकादम करू.  मी गौंटियाला मनातल्या मनात दुवाही दिला असेल, आता आठवत नाही.

पण माझी जागा भिंतीपाशी होती. चूल तिथंच होती. आणि पलीकडे काय चाललं आहे ते मला ऐकू यायचं. गमछा फाटकावर असायचा आणि गौंटिया येरझाऱ्या घालत असायचा. खोकायचा. रेडिओ लावायचा, अगदी हळू. बातम्या, मग शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम. कोणत्या धानाला केव्हा पाणी द्यावं, खोडकिडीला काय फवारावं. त्याच्याकडे आता एक वाफा नव्हता, तरी तो कार्यक्रम एक दिवस चुकवत नसे. आणि गमछा सकाळी, दुपारी, संध्याकाळी तसाच. तिन्ही पाळ्या झोपणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. ओळीतल्या बायकांनाही कळत होतं. कोणी बोललं नाही. सगळ्यांच्याच घरी कोणी ना कोणी झोपलेलं होतं.

मग ती म्हातारी यायला लागली.

त्याच्याच गावची. गाव उठल्यावर कोहका गावाकडे झोपडी टाकून राहिली होती. घरात एक मुलगा, त्याला नोकरी लागली नव्हती. बाकीचे गमछा बघून परत जायचे, ही गेली नाही. आमच्या दोन फाटकांच्या मधल्या खांबाशी बसली. सोबत एका भांड्यात बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यातला भात, आणि पदराला बांधलेली कसली तरी पुडी. मला म्हणाली, "गौंटिया सुते हे का बहिनी?"

झोपलाय का, असं विचारत होती. भिंतीपलीकडे तो चालत होता. मी मान हलवली. ती कशीही हलली असेल, तिनं 'हो' धरलं.

"जागही त गोठियाहूं," ती म्हणाली. जागा झाला की बोलेन. आणि बसून राहिली. शिपायानं हाकललं नाही, म्हातारी होती, गप्प होती. ऊन सरकलं तशी तीही खांबाच्या सावलीबरोबर सरकली. मी पाणी दिलं, तिनं माझ्या हातचं काही न विचारता घेतलं. संध्याकाळी उठून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मी तिला सांगू शकत होते. एक वाक्य पुरलं असतं. पण ती उठून कडी वाजवेल, गौंटिया खोटा आहे हे लोकांना कळेल, मग तीच गर्दी, तेच बूट, तोच हवालदार. आणि एका रात्री माझा नवरा त्या रुळांवर उभ्यानं स्वप्न बघेल. मी तिला पाणी देत राहिले. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. माझं ओलं वाचत होतं आणि तिचं जळत होतं, एवढाच फरक. मला त्या म्हातारीचा रागसुद्धा यायचा, की बाकीच्यांसारखी निघून का जात नाही.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "पुडीत काय आहे?" तिनं सोडून दाखवलं. काडेचिराईत. तापावर देतात ते, कडू जहर. म्हणाली, गौंटिया तर गावात सगळ्यांच्या आधी उठायचा, कोंबडा त्याला पाहून आरवायचा. असा माणूस दिवस दिवस झोपतो म्हणजे अंगात मुरलेला ताप असणार. "जर धरे हे," ती म्हणाली. मुलाच्या नोकरीचं नंतर बोलेन, आधी हे उकळून द्यायचं.

मी घरात येऊन उगाच तांदूळ पाखडत बसले.

थोड्या वेळानं बाहेर पाहिलं तर ती उठून गौंटियाच्या फाटकाशी उभी होती. गमछ्याचं टोक दोन बोटांत धरून बघत होती. मला म्हणाली, "कोरा हे बहिनी. कोनो धोवय नहीं का?" इतके दिवस झाले, गमछ्यातली खळसुद्धा गेली नाही, या माणसाचं कोणी धुवायलासुद्धा नाही का. तुमच्या नळावर मी धुऊन आणते, तो उठायच्या आत परत टाकते. आणि तिनं गाठ सोडली.

माझा नवरा दारात उभा होता. उठला होता, केस विस्कटलेले, गालावर उशीची सुरकुती. आपला गमछा काढायला बाहेर आला होता. त्यानं ते सगळं ऐकलं.

"ते बाई कवापासून बसून आहे?"

"सकाळपासून."

"अन् काल?"

"काल बी. परवा बी."

"गौंटिया जागा आहे?"

भिंतीपलीकडे रेडिओवर रोपणीची माहिती चालली होती. ती आम्ही दोघांनी ऐकली.

"तुले मालूम होतं?" तो म्हणाला. "मालूम होतं अन् तिले उन्हात बसू देल्लं? कावून?"

"कावून मंजे? तुमाले झोपाले भेटते म्हणून गप बसली," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला. "तुमी त्या गाडीखाली गेले त मी कोणाच्या फाटकापाशी जाऊन बसू?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, थकून. म्हणाला, "अशी झोप नोको मले." आणि आमच्या फाटकावरचा गमछा काढला, तोंड न पुसता खांद्यावर टाकला आणि शेजारच्या फाटकाशी गेला. शिपाई पुढं आला, "ए, साहब सो रहे हैं." त्यानं लोखंडी कडी धरली आणि आपटली. एकदा नाही, लोखंडावर लोखंड आपटावं तशी आपटत राहिला. आमच्या ओळीतल्या बायका दारांत आल्या. आजवर कोणीही, पोरानंसुद्धा, गमछ्याचं फाटक वाजवलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"गौंटिया," तो ओरडला, "उठो. पाली खतम हो गई."

रेडिओ बंद झाला. गौंटिया बाहेर आला. धोतराची घडी मोडलेली नव्हती, डोळ्यांवर चष्मा होता. झोपेतून उठलेला माणूस कसा दिसतो हे आमच्या ओळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हातारीनंही पाहिलं. तिच्या एका हातात सोडलेला गमछा आणि दुसऱ्यात पुडी.

"बने हस गौंटिया?" तिनं विचारलं. बरा आहेस ना?

व्यासपीठांवर तासभर बोलणारा माणूस चष्मा काढून धोतराला पुसू लागला. तिनं गमछ्याची नीट घडी केली, खांबावर ठेवली, तिच्यावर पुडी ठेवली. "जागत रहेस," एवढंच म्हणाली. जागा होतास. आणि भांडं उचलून कोहक्याच्या दिशेनं चालू लागली. मुलाच्या नोकरीचं तिनं काढलंच नाही.

पुढं जे व्हायचं ते झालं. चार दिवसांत गर्दी परत आली, आधीपेक्षा मोठी. बूट परत आले. आणि त्याहून वाईट म्हणजे गमछ्यावरचा विश्वास गेला. आधी त्याच्या फाटकावरचा, मग सगळ्यांच्या. भाजीवाला थबकायचा आणि विचारायचा, सचमुच सोए हैं क्या? पाहुणे गमछा बाजूला सारून कडी वाजवायचे. बंगालीण पुष्कळ दिवस भांडली, मग तिनंही घालणं सोडलं. मागच्या ओळीत काही दिवस राहिला आणि तिकडूनही गेला.

माझा नवरा आपण होऊन साहेबाकडे गेला. म्हणाला, मला माथ्यावरून उतरवा, माझी झोप होत नाही. मुकादमी गेली. खाली पट्ट्यावरून सांडलेला कोळसा फावड्यानं भरायच्या कामावर टाकलं, कायमची दिवसपाळी. वर उभा राहणारा माणूस खाली वाकून काम करू लागला. जोडीदार सुरुवातीला हाक मारायचे, मग तेही राहिलं. मी त्याच्याशी किती दिवस नीट बोलले नाही. परक्या म्हातारीसाठी स्वतःच्या ताटात माती कालवणारा माणूस, असं मी त्याला तोंडावर म्हटलं. मी आजही म्हणते, मी केलं ते बरोबर होतं. माझा माणूस जिवंत राहिला, कोळसा खोकत का होईना, म्हातारा होऊन गेला. त्यानं केलं तेही बरोबर होतं, पण हे मी त्याला तो असेपर्यंत सांगितलं नाही.

दिवसपाळी लागली तरी त्याला झोप मात्र आली नाही. अंगाला दिवसा झोपायची सवय लागली होती ती मोडली, आणि रात्रीची होती ती परत सापडली नाही. सुटीच्या दिवशी दुपारी तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि डोळे उघडे असायचे. भिंतीपलीकडे गौंटिया येरझाऱ्या घालायचा. रेडिओवर धानाच्या पाण्याचं सांगत असायचे. गाव खोदल्यापासून झोपलो नाही असं तो म्हणाला होता ते खरं होतं, हे मला त्या भिंतीपाशी बसून कळलं. पुढं त्याला बंदोबस्तासकट दुसरीकडे हलवेपर्यंत हे असंच चाललं. दोन्ही फाटकं मोकळी, मधे एका विटेची भिंत, आणि दोन्हीकडे एकेक माणूस जागा. त्यातल्या माझ्या माणसाचंच मला वाईट वाटायचं, आणि अजूनही त्याचंच वाटतं.